निवाडा कोणी करायचा?

तेहरानच्या न्यायालयात नवरा-बायको शेजारी बसून थेट आपल्याकडे बघत वाद घालताहेत. न्यायाधीशाचा फक्त आवाज येतो, कारण कॅमेरा त्याच्या जागी ठेवलाय. असगर फरहादी यांच्या ‘अ सेपरेशन’ (२०११) या इराणी चित्रपटात प्रेक्षक पहिल्याच दृश्यात निवाड्याला बसतो. पुढचे दोन तास त्याचं मत सारखं बदलत राहतं.

बायकोला, म्हणजे सिमीनला, मुलीसाठी देश सोडायचाय. तिच्या नवऱ्याचे, नादेरचे वडील स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत, त्यांना टाकून तो जाणार नाही. दोघांचंही म्हणणं खरं. सिमीन माहेरी जाते आणि वडिलांना सांभाळायला राझिये येते. गरीब, देवभोळी, गरोदर. एकदा ती म्हाताऱ्याला पलंगाला बांधून बाहेर जाते. संतापलेला नादेर तिला दाराबाहेर ढकलतो. तिचा गर्भ जातो आणि त्याच्यावर हत्येचा आरोप येतो.

नादेर तिच्यावर चोरीचाही आळ घेतो. ते पैसे सिमीनने सामान हलवणाऱ्यांना दिलेले असतात. आपण ते सुरुवातीलाच पाहिलेलं असतं, पण लक्षात राहत नाही. उलट, राझियेला आदल्या दिवशी मोटारीची धडक बसली, हे दाखवलेलंच नाही. म्हातारा वाहनांच्या गर्दीत, ती त्याच्याकडे धावते आणि दृश्य तुटतं. पाहिलेलं विसरून, न पाहिलेलं गृहीत धरून आपण ठाम मत बनवतो. फरहादींची पटकथा इथे थोर आहे.

राझिये गरोदर असल्याचं ठाऊक नव्हतं, असं नादेर न्यायालयात खोटं सांगतो. त्याला वाचवायला त्याची शाळकरी मुलगी तेर्मेही खोटं बोलते. राझियेच्या नवऱ्यामागे सावकार लागलेत, भरपाईची रक्कम समोर आहे. पण गर्भ नादेरच्या ढकलण्यानेच गेला का, ही शंका मनात असल्याने ती कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला नकार देते. माझ्या लेखी चित्रपटातलं सगळ्यात धैर्याचं कृत्य हेच.

चित्रीकरणाच्या काळात सरकारने फरहादींचा परवाना काही काळ काढून घेतला होता. सरकारला नकोशा झालेल्या जाफर पनाही आणि मोहसीन मखमलबाफ या दिग्दर्शकांच्या बाजूने ते बोलल्याचा तो राग. २०११च्या नवरोजला चित्रपट लागला, तेव्हा समोर होता मसूद देहनमकी यांचा ‘एखराजिहा ३’. देहनमकी राजवटीच्या जवळचे, त्यामुळे तिकीट कशाचं काढलं यावरून माणसाचं राजकारण जोखलं जाऊ लागलं. दोन्ही चित्रपट जोरात चालले. ‘अ सेपरेशन’ला बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल मिळालं. २०१२मध्ये ऑस्करही मिळालं, इराणच्या चित्रपटाचं पहिलंच. तिथल्या सरकारी माध्यमांनी ते इस्रायली चित्रपटावरचा विजय म्हणून मिरवलं, आणि काही दिवसांतच फरहादींचा तेहरानमधला सत्कार परवानगीअभावी रद्द झाला.

घटस्फोटानंतर तेर्मे कोणाकडे राहणार, हे चित्रपट सांगत नाही. पाहाल तेव्हा घरातल्या जाणत्या मुलांना बरोबर बसवा. राझियेने शपथ घ्यायला हवी होती का, यावर आधी त्यांना बोलू द्या.