आवडीकडून व्यवसायाकडे : डॉ. सलीम अली यांच्या जडणघडणीच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

पदवीच्या अखेरच्या वर्षात अनेक विद्यार्थी प्राध्यापकांकडे एकच प्रश्न घेऊन येतात : आपली आवड नेमकी कशात आहे हे कसे ओळखावे, आणि त्या आवडीवर उपजीविका चालेल का? या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते. आवड मनात आधीपासूनच तयार असते, ती केवळ सापडायची बाकी असते, असे विद्यार्थी मानतो. ती सापडत नाही तेव्हा तो स्वतःला इतरांपेक्षा उणा समजू लागतो. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासले असून, भारतीय पक्षिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या जीवनक्रमाच्या आधारे आवडीचे व्यवसायात रूपांतर कसे होते, याचे विवेचन केले आहे.

आवडीचे स्वरूप

छंद, आवड आणि ध्यास हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांत क्रम आहे. फुरसतीत आनंद देतो तो छंद. ज्या विषयाकडे मन पुनःपुन्हा वळते ती आवड. आणि ज्यासाठी माणूस कंटाळवाणे कष्टही आपणहून पत्करतो तो ध्यास. सुझान हिडी व अ‍ॅन रेनिंजर या अभ्यासिकांनी २००६ मध्ये आवडीच्या विकासाचे चार टप्पे मांडले. प्रसंगाने जागी झालेली आवड परिस्थितीच्या आधाराने टिकते, हळूहळू वैयक्तिक होते आणि अखेरीस दृढ होते. आरंभीच्या टप्प्यांत बाह्य आधार नसेल तर ती विझून जाते, हे या मांडणीतील महत्त्वाचे सूत्र होय.

पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक व ग्रेगरी वॉल्टन यांचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन याला पूरक आहे. आवड उपजत व स्थिर असते असे मानणाऱ्यांचे कुतूहल आपल्या क्षेत्राबाहेर कमी असते आणि विषय कठीण होताच त्यांचा उत्साह अधिक ओसरतो, असे त्यात आढळले. म्हणजेच ‘आपली आवड शोधा’ हा सद्हेतूने दिलेला उपदेशही विद्यार्थ्याला पहिल्याच अडचणीत माघार घ्यायला लावू शकतो.

जिज्ञासेला मिळालेला प्रतिसाद

सलीम अली यांचे बालपण मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी गेले. शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, या प्रश्नाचे उत्तर मामांपाशी नव्हते. परंतु त्यांनी प्रश्न टाळला नाही. मुलाला पत्र देऊन त्यांनी १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात पाठविले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले, वाचावयास पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी जतन करण्याचे तंत्र शिकण्याची संधी दिली.

पक्ष्यांचे वेड त्या मुलात आधीपासून होते, असे यावरून म्हणता येत नाही; आधी होती ती शिकारीची हौस आणि एक साधा प्रश्न. त्या प्रश्नाला नाव, वस्तू, पुस्तक व कौशल्य अशी चार प्रकारची उत्तरे मिळाली आणि त्यांतून आवड आकारास आली.

अपयश आणि शिस्त

पुढील मार्ग सरळ नव्हता. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षानंतर त्यांनी शिक्षण सोडले आणि कौटुंबिक व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी दावर वाणिज्य महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र शिकण्यास आरंभ केला. त्यांचा ओढा ओळखून सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले. तथापि औपचारिक पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गेतिहास विभागात त्यांची मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. या कामात आपले ज्ञान अपुरे आहे हे जाणून १९२८ मध्ये त्यांनी रजा घेतली व बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध अभ्यास केला. आवडीला शिस्तीची जोड मिळाली ती येथे.

नोकरी गेली, काम राहिले

१९३० मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा निधीअभावी ते पद रद्द झाले होते. खर्च आटोक्यात राहावा म्हणून सलीम अली व त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. महिनोन्‌महिने निरीक्षण करून त्यांनी नोंदी ठेवल्या. नर अनेक घरटी अर्धवट विणतो. मादी त्यांची पाहणी करून एक पसंत करते. मग नर ते पूर्ण करतो आणि मादी अंडी घालू लागली की दुसऱ्या घरट्याकडे वळतो, हा क्रम त्यांनी उलगडला. हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला व त्यांच्या कीर्तीचा पाया ठरला.

यानंतर त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : क्षेत्रकार्याचा खर्च संस्थानाने सोसावा, पक्षी-सर्वेक्षणाचे काम आपण विनावेतन करू. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आदी संस्थानांची सर्वेक्षणे या पद्धतीने झाली. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ मध्ये निघाले, तर डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला.

उपजीविकेचे वास्तव

या चरित्राचा उपयोग केवळ स्फूर्तीसाठी करणे धोक्याचे आहे. विनावेतन काम करणे प्रत्येकाला परवडत नाही. सलीम अलींच्या पाठीशी व्यापारी कुटुंब, आप्तांचा आधार व काटकसरीत साथ देणारी पत्नी होती. ज्याच्या पहिल्या पगाराची घरी वाट पाहिली जाते, अशा विद्यार्थ्याला ‘आवडीसाठी सर्व सोडा’ असे सांगणे अन्यायाचे होईल.

प्रत्येक आवड व्यवसायच व्हावी, असेही नाही. मिलार्ड स्वतः व्यापारी पेढीत काम करीत आणि निसर्गाभ्यास मानद स्वरूपात करीत. उलट दिशेचा प्रवासही संभवतो. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यात दीर्घ काळ नोकरी केली आणि त्या नोकरीतील अरण्यवासातून मराठीला मौलिक निसर्गलेखन व पक्षीकोश मिळाला. तात्पर्य, कधी आवडीतून व्यवसाय घडतो, कधी व्यवसायातून आवड घडते, तर कधी दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात.

अध्यापकाची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय अभ्यास व व्यावसायिक शिक्षण यांवर भर दिला आहे. त्याची सफलता विषयांच्या यादीपेक्षा अध्यापकाच्या प्रतिसादावर अधिक अवलंबून राहील. वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचविता येतात. एक, विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उपदेशाऐवजी वस्तूने उत्तर द्यावे. कपाटबंद नमुने, हस्तलिखिते, उपकरणे त्याच्या हाती द्यावीत. दोन, ‘आवडते’ या विधानाचे लहान, मुदतबद्ध व नोंदी ठेवाव्या लागतील अशा कामात रूपांतर करावे. तीन महिन्यांच्या नोंदवहीवरून अभिरुचीची खोली जितकी कळते, तितकी ती अभिक्षमता चाचणीवरूनही कळेलच असे नाही. तीन, या कामाचे मोल कोण देतो, त्यासाठी कोणते कौशल्य लागते आणि जम बसेपर्यंत दुसरे उत्पन्न कोणते, याचा हिशेब विद्यार्थ्याकडून लेखी मांडून घ्यावा.

समारोप

आवड ही सापडणारी वस्तू नसून प्रश्न, प्रतिसाद, शिस्त व काळ यांतून घडणारी प्रक्रिया आहे. तिचे व्यवसायात रूपांतर होण्यासाठी अर्थव्यवहाराचे भानही तितकेच आवश्यक असते. सलीम अलींना मिलार्ड आणि ब्लॅटर भेटले. त्यांपैकी एक सचिव होता, दुसरा प्राध्यापक. आपली आवड कोणती हे सांगता न येणारा विद्यार्थी मुळात आवडशून्य असतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्यासमोर अद्याप कोणी खण उघडलेला नसतो. तो उघडण्याचा अधिकार आणि जबाबदारी महाविद्यालयीन अध्यापकाकडे आहे.