गाडीतली घरघर आणि चालकाची पेंग

मुंबई-गोवा महामार्गावर पेण, नागोठणे मागे टाकून गाडी कोलाडला पोहोचते, तोवर अनेकांचे डोके जड झालेले असते. दोष ऊन आणि वाहतूक कोंडीला दिला जातो. मात्र गाडीत सतत घुमणारा आवाज आणि सीटमधून अंगात उतरणारी थरथर यांचाही त्यात वाटा असतो.

साधारण ताशी ५० किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा टायरचा आवाज वरचढ होतो. खडबडीत डांबरावर गुरगुर, तर काँक्रीटवर सांध्यांची ठकठक ऐकू येते. हा आवाज दोन वाटांनी आत येतो. एक हवेतून, म्हणजे काचा आणि दारांच्या फटींतून. दुसरा धातूतून: चाकाचे हादरे सस्पेन्शनमार्गे सांगाड्यात जातात आणि दारांचे, तळाचे पातळ पत्रे ढोलासारखे वाजू लागतात.

म्हणून एकच साहित्य सगळे काम करत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेली ब्युटाइल रबराची चिकट शीट पत्र्याची थरथर शोषते. ती पत्रा पूर्ण झाकेल अशी लावण्याची गरज नसते; मधला सपाट, जास्त थरथरणारा भाग झाकला तरी बराच फरक पडतो. हवेतून येणारा आवाज अडवायला मात्र वजनदार, सलग थर आणि घट्ट रबरी बीडिंग लागते. मऊ फोम आतला तीव्र आवाज थोडा शोषतो, पण जड घरघर त्याला जुमानत नाही.

खरी मेख पुढे आहे. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी १५ जणांना कृत्रिम चालक-आसनावर बसवून तपासले. सेकंदाला ४ ते ७ वेळा होणाऱ्या संथ कंपनांमुळे अवघ्या १५ मिनिटांत पेंग येण्याची लक्षणे दिसू लागली. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्र्यावर चिकटवलेली शीट ही संथ कंपने थांबवू शकत नाही. ते काम टायर, शॉक अ‍ॅब्झॉर्बर, रबरी बुश आणि सीटचे. गाडी शांत झाली, म्हणजे चालक सुरक्षित झाला असे नव्हे.

त्यामुळे खर्चाचा क्रम महत्त्वाचा. आधी टायरमधली हवा कंपनीने सांगितल्याइतकी ठेवावी, व्हील बॅलन्सिंग करावे, झिजलेले टायर, बुश आणि फाटलेले बीडिंग बदलावे. एवढ्यानेही पुष्कळ आवाज कमी होतो. उरलेल्यासाठी शीट.

कोकणात आणखी एक पथ्य आहे. काचेच्या फटीतून दारात उतरणारे पावसाचे पाणी तळाच्या छोट्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे शीटने बुजली, तर पाणी साचून दार आतून गंजते. गालिच्याखाली पाणी धरणारा फेल्ट किंवा स्पंज घातला, तर ओल, बुरशी आणि कुबट वास ठरलेलाच. एअरबॅगच्या तारा, सेन्सर यांना हात न लावता काम करणारा जाणकार कारागीरच निवडावा.

आवाज किती कमी करायचा, यालाही मर्यादा हवी. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू यायलाच हवा. आणि गाडी कितीही निःशब्द असली, तरी दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करण्याला पर्याय नाही. पेंग येत असेल, तर त्याआधीच थांबावे.