गोटमारीचे फोटो उतरवताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पलीकडच्या सावरगावशी गोटमार जुंपते. दगड चुकवत फोटो काढणाऱ्याकडे संध्याकाळी ६४ जीबीचं कार्ड भरलेलं असतं, आणि वर्तमानपत्राला फोटो लगेच हवे असतात.

वेळ खातो तो बहुधा कार्ड रीडर. जुना यूएसबी २.० रीडर सेकंदाला जेमतेम ३५ एमबी ओढतो. म्हणजे अख्खं कार्ड उतरायला अर्धा तास. तेच कार्ड यूएसबी ३.० वर ९० एमबीच्या वेगाने वाचलं, तर १२ मिनिटं. मात्र नवा रीडर लॅपटॉपच्या जुन्या पोर्टात खोचला, की पुन्हा अर्धा तास!

दोन कार्डं एकाच वेळी साध्या हार्डडिस्कवर उतरवू नयेत. तिच्या तबकडीवरचा हेड सारखा इकडून तिकडे पळतो आणि दोन्ही कामं रेंगाळतात. एसएसडीला ही अडचण जवळजवळ नाही.

आणि इंटरनेट? २० एमबीपीएसच्या अपलोडला ६४ जीबी म्हणजे सात तास. म्हणून कॅमेऱ्यातच खूण केलेले दहा-बारा जेपेग आधी पाठवावेत, रॉ फायली रात्री.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम जवळच्या सौसर गावातल्या लग्नाच्या फोटोंनाही लागू पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. पांढुर्णेकराने तिसरी डिस्क सौसरच्या मामांकडे ठेवली तरी भागतं. कार्ड फॉरमॅट करायचं ते प्रतींतले फोटो उघडून पाहिल्यावरच, आणि तेही कॅमेऱ्यात.