दिल्लीचं पत्र : ‘दुकान पे आ जाओ जी’

नॉएडा

गेल्या थंडीत सासरे न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडायच्या दोन दिवस आधी डॉक्टर म्हणाले, घरी फाउलर बेड लागेल, तेवढी सोय करून ठेवा. फाउलर बेड म्हणजे दवाखान्यातली ती लोखंडी खाट. पायथ्याशी असलेलं हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते, दुसरं फिरवलं की गुडघे उचलले जातात. दिल्लीत तो भाड्यानंही मिळतो. मला तीनच गोष्टी हव्या होत्या : महिन्याचं भाडं किती, अनामत किती, आणि नॉएडात घरपोच देणार का.

रात्री साडेदहाला, जेवणं उरकल्यावर, मी मोबाइल घेऊन बसले. नॉएडा, गाझियाबाद आणि पूर्व दिल्लीतली नऊ दुकानं शोधली. प्रत्येकाच्या पानावर व्हॉट्सॲपचा हिरवा शिक्का होता आणि खाली लिहिलेलं होतं : चोवीस तास सेवेत. नऊ जणांना हिंदीत तेच तीन प्रश्न लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच ठिकाणी निळ्या खुणा उमटल्या. एकानं लिहिलं, ‘कॉल मी’. एकानं खाटा, खुर्च्या, ऑक्सिजनची यंत्रं असे चाळीसेक फोटो पाठवले, एकावरही किंमत नव्हती. एका ठिकाणाहून क्षणार्धात उत्तर आलं : संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी बोलतील. ते यंत्रानं पाठवलेलं होतं. प्रतिनिधी आजतागायत बोललेले नाहीत. तीन प्रश्नांची तीन उत्तरं नऊ दुकानांतून एकालाही देता आली नाहीत, आणि माझ्याकडे वेळ होता दोन दिवसांचा.

दिल्ली आणि तिच्या भोवतीची नॉएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद ही शहरं मिळून जो राजधानीचा पट्टा होतो, त्यात नव्यानं राहायला येणाऱ्या मराठी माणसाला हे कोडं पहिल्याच महिन्यात पडतं. वॉशिंग मशीनचा मेकॅनिक, मुलीची नृत्याची शिकवणी, भाड्याचं घर, रक्ततपासणी, सगळ्यांची पानं, नंबर, फोटो मोबाइलवर आहेत. लिहून विचारलं की शांतता. म्हणून या वेळी मी ठरवलं, निदान एका दुकानात तरी जाऊन विचारायचं की उत्तर का दिलं नाहीत.

मेट्रोच्या निळ्या मार्गानं मंडी हाऊसला उतरले, तिथून जांभळी गाडी धरून लाल किला. बाहेर पडलं की एका हाताला किल्ला आणि समोर चांदनी चौकाचं तोंड. तिथेच आत भागीरथ पॅलेस आहे. ही मुळात बेगम समरूची हवेली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आता ती विजेच्या सामानाच्या, औषधांच्या आणि शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या घाऊक दुकानांत बुडून गेली आहे. दिव्यांच्या माळा, तारांची भेंडोळी, पाठीवर खोकी घेतलेले हमाल आणि डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे लागलेली आग विझवायला अग्निशमन दलाला दिवसांमागून दिवस झुंजावं लागलं होतं. गल्ल्यांची रुंदी पाहिली की त्याचं कारण विचारावं लागत नाही.

माझ्या नऊ दुकानांपैकी एकाची मुख्य गादी याच बाजारात होती. दुकान आठ फूट रुंद, आत वॉकरच्या राशी, छताला टांगलेल्या कुबड्या. मालक साठीचे, स्वेटरवर जाकीट. मी खाटेचं विचारताच त्यांनी चहा मागवला आणि पहिला प्रश्न केला, ‘किसने भेजा है आपको?’ कुणीच नाही म्हटल्यावर जरा थांबले. मग सासऱ्यांचं वय, वजन, कुठल्या बाजूचा खुबा, घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट केवढी, सगळं बारकाईनं विचारलं. भाडं सांगितलं, अनामत सांगितली, नॉएडाच्या टेम्पोचे पैसे वेगळे सांगितले आणि मी न विचारताच म्हणाले, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादीही घ्या, वयस्कर माणसाला दहा दिवसांत व्रण पडतात. चार मिनिटांत माझं काम झालं. इतकी आस्था असलेला माणूस लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर का देत नाही, हे मला खरंच कळेना. तसं मी त्यांना म्हटलंही.

त्यांनी गल्ल्याशेजारचा, काच तडकलेला फोन माझ्यापुढे धरला. न वाचलेल्या निरोपांची रांग लागली होती. अंगठ्यानं खाली सरकवत गेले तर तिसऱ्या पडद्यावर माझा नंबर आणि माझे तीन प्रश्न. ‘मैसेज लड़का देखता है, लड़का गाँव गया है,’ ते म्हणाले. आणि मग, मी गप्प राहिलेली पाहून, खरं कारण सांगितलं. ‘लिख के रेट दे दूँ, तो वही रेट लेकर आप बगलवाली दुकान में जाओगे. और आधे तो बगलवाले ही पूछते हैं.’

म्हणजे लिहिलेला भाव हा त्यांच्या लेखी पुरावा असतो. तो शेजारच्याच्या हाती पडतो, पुढच्या महिन्यात माल महागला तरी गिऱ्हाईक तोच दाखवतं, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर बोलायला काही उरत नाही. ‘एकच भाव’ अशी पाटी लावलेल्या दुकानांत आपण वाढलो. इथे भाव हा बोलण्याचा शेवट असतो. आधी कोण, कुठले, कुणी पाठवलं, किती घाई आहे, हे सगळं व्हायचं आणि मग आकडा. प्रश्न लिहून पाठवणारा अनोळखी नंबर म्हणजे या बाजाराच्या दृष्टीनं अजून दारात न आलेला माणूस. दारात आलेल्याला चहा मिळतो.

शेजारच्याच कूचा महाजनीत सोन्याचांदीचा बाजार आहे. त्या बाजूला आपले गलाईवाले आहेत, खानापूर-आटपाडीकडून येऊन सोनं गाळायच्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या रुजलेले. त्यांच्यातल्या एका ओळखीच्या काकांना मी हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘ताई, माझी पन्नास गिऱ्हाइकं आहेत, त्यांना रोज सकाळी मीच भाव कळवतो, कुणी विचारायची वाट बघत नाही. पण नवा नंबर आला तर उचलत नाही.’ सोन्याच्या धंद्यात मला हे पटतं. तिथे अनोळखी माणूस म्हणजे जोखीम. खाट भाड्यानं देणाऱ्याला कसली जोखीम?

गंमत वाटेल, पण प्रश्न पाठवण्याची सोय ज्यांनी देशभर नेली, त्यांतली मोठी नावं याच पट्ट्यातली. घाऊक मालाचं इंडियामार्ट १९९६ साली सुरू झालं, त्याचं मुख्यालय नॉएडात आहे. नोकरी डॉट कॉम १९९७ मधलं, तेही नॉएडाचं. मुंबईतून जस्टडायलही १९९६ मध्येच सुरू झालं होतं. या सगळ्या जगात प्रश्नाला ‘लीड’ म्हणतात, आणि लीड ही विकायची वस्तू आहे. तुम्ही गरज लिहिता, ती एकाहून अधिक विक्रेत्यांकडे जाते, आणि विक्रेता त्यासाठी वर्गणी भरतो. त्यामुळे दुसऱ्या टोकाचा त्रास सुरू होतो. आम्ही घर शोधत होतो तेव्हा मी एका जागेबद्दल एवढंच विचारलं होतं, की वीज गेल्यावर लिफ्ट चालते का. पुढच्या तासाभरात अकरा दलालांचे फोन आले. बजेट किती, कधी शिफ्ट होणार, मुलं किती, सगळं विचारलं. लिफ्टबद्दल एकालाही माहीत नव्हतं. ज्याची जागा, तो मालक शेवटपर्यंत बोलला नाही. शांतता आणि हा गलका, दोन्हींत माझा प्रश्न कुणी वाचलेलाच नव्हता.

हा दोष फक्त दिल्लीच्या बाजाराचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये मार्च २०११ ला एक पाहणी छापून आली होती. २,२४१ अमेरिकी कंपन्यांना ऑनलाइन चौकशी पाठवून कोण कधी उत्तर देतं ते तपासलं होतं. तासाभरात उत्तर देणाऱ्या ३७ टक्के निघाल्या. २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. गिऱ्हाईक मिळावं म्हणून जाहिरातीवर पैसा ओतणाऱ्या कंपन्यांची ही अवस्था. फरक आहे तो कारणात. तिथे चौकशी यंत्रणेत हरवते. इथे ती दिसते, निळ्या खुणा उमटतात, आणि मुद्दाम बाजूला ठेवली जाते, कारण ‘सीरियस कस्टमर तो फोन करता है’. हे वाक्य मी इथे इतक्यांदा ऐकलं आहे की ते बाजाराचं सूत्रच असावं.

कायद्याचं काय, हेही पाहिलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि तीनच दिवसांनी ई-कॉमर्सचे नियम आले. ऑनलाइन विकणाऱ्यानं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. चांगली तरतूद आहे, मी तिचा उपयोग केला आहे. पण ही सगळी सोय विकत घेतल्यानंतरची. याच कायद्यात ग्राहकाच्या हक्कांमध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत कळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, आणि त्याच कायद्यानं ग्राहक म्हणजे पैसे देऊन किंवा द्यायचं कबूल करून घेणारा, अशी व्याख्या केली आहे. मग जो अजून किंमतच विचारतो आहे, तो कोण? त्याच्यासाठी ४८ तासही नाहीत.

मी मूळची नाशिकची. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे हेही नाशिकचेच. त्यांचा पत्रव्यवहार ‘हिंगणे दप्तर’ म्हणून छापलेला आहे. तेव्हा दिल्लीहून पुण्याला पत्र न्यायला जासूद पायी निघायचे. वाटेत नद्या, ठग, लष्करं. तरी प्रश्न गेला की उत्तर यायचं, कारण उत्तरावर कुणाचं तरी काही अडलेलं असायचं. आजही अडलेलंच असतं. दुकानदाराला पलीकडचं अडलेपण दिसत नाही, इतकंच.

ते कुणाचं किती अडतं, हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेमुळे कळलं. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. ओठांवरून हिंदी समजते, उत्तम लिहिते, एकटी राहते. तिच्यासाठी मोबाइलवर लिहून विचारता येणं ही फार मोठी गोष्ट होती. २०१८ मध्ये दुकानदारांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप आलं, भराभर सगळी दुकानं त्यावर गेली, तेव्हा तिला वाटलं होतं की आता कुणाच्या मिनतवाऱ्या करायला नकोत. ती प्रश्न लिहिते. समोरून येतं : ‘कॉल करें’. ती लिहिते, मला ऐकू येत नाही, कृपया लिहून सांगा. त्यावर एकदा तिला आवाजाची फीत आली, सत्तावीस सेकंदांची. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं, म्हणून इथले निम्मे लोक असंच उत्तर देतात. ती फीत घेऊन ती आमच्याकडे वर आली. मी ऐकून कागदावर उतरवून दिली. त्यात एवढंच होतं : ‘मैडम, दुकान पे आ जाओ, सामने बैठ के बात करेंगे.’

दुकान पे आ जाओ, यात प्रेम आहे, हे मी मनापासून म्हणते. माझी खाट त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता घरी आली. दोन पोरांनी एका पान्यानं पंधरा मिनिटांत जोडली, हँडल फिरवून दाखवलं, सासऱ्यांच्या पाया पडून गेली. पुढचे तीन महिने मालक दर महिन्याला फोन करून ‘बाबूजी कैसे हैं’ असं विचारत आणि मगच भाड्याचं काढत. अशी विचारपूस मला कुठल्या ॲपनं केलेली नाही. पण त्या दुकानापर्यंत मी पोचले, कारण मला चालता येतं, ऐकता येतं, अर्धा दिवस सुटी मिळते आणि गर्दीच्या बाजारात एकटीनं शिरायची भीती वाटत नाही. खाटेची गरज असते त्या घरातल्या प्रत्येकाचं असं असतंच असं नाही. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायला नको, म्हणून लिहूनच विचारणाऱ्या मुलीही इथे पुष्कळ आहेत. त्यांनाही ‘कॉल करें’ हेच उत्तर.

मालकांना मी जाताना एक विनंती केली होती. भाव लिहायचा नसेल तर नका लिहू, पण खाट मिळेल की नाही आणि नॉएडाला येईल की नाही, एवढं तरी लिहायला पोराला सांगा. ते मान डोलवून हसले. परवा मी त्यांना दुसऱ्या नंबरवरून निरोप पाठवून पाहिला. तासाभरानं दोन शब्द आले : ‘मिल जाएगा’. नॉएडाचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता शनिवारी सकाळी खालची शिक्षिका वर येते. चहा होईपर्यंत ती आठवड्याचे प्रश्न वहीत लिहून ठेवते, आणि मी तिच्यासमोर बसून एकेका दुकानाला फोन लावते. या शनिवारी तिचे चार प्रश्न होते : गीझरचा मेकॅनिक रविवारी येतो का, चष्म्याची काच बदलायला किती दिवस, रक्त द्यायला उपाशी यायचं का, आणि दिवाळीला इंदूरला जायचं आहे तर घरची मांजर आठ दिवस कुणी ठेवून घेईल का. तिघांनी फोनवर लगेच सांगितलं. मांजरीचं सांगणारे म्हणाले, आधी घेऊन या, बघून सांगतो.