फोन वाजण्याआधीचा आवाज

आमच्या घरात फोन आल्याचं सगळ्यांत आधी कळायचं ते कॉम्प्युटरच्या स्पीकरला. साल २००४च्या आसपासचं. टेबलावर राखाडी रंगाचे दोन स्पीकर, त्यांच्या मधोमध माझा बटणांचा मोबाइल, आणि कुमार गंधर्वांचं एखादं भजन लावलेलं. मध्येच स्पीकरमधून यायचं, टिटि-टिट, टिटि-टिट, टिटि-टिट, आणि मग एक लांब घर्रर्र. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अरे, फोन येतोय बघ तुझा." दोन-तीन सेकंदांनी खरोखरच रिंग वाजायची.

त्या दोन-तीन सेकंदांचं वेड मला लागलं, ते अजून उतरलेलं नाही. स्पीकरला आधी कसं कळतं? ज्याच्याकडे ना सिमकार्ड ना अँटेना, त्या दीडदोनशे रुपयांच्या प्लास्टिकच्या डब्याला?

उत्तर शोधताना पहिल्यांदा समजलं ते हे, की जीएसएम, म्हणजे टूजी पद्धतीचा, फोन सलग बोलतच नाही. चाळीतल्या सामायिक नळासारखा तो प्रकार आहे. एका लहरीवर आठ बिऱ्हाडं. प्रत्येकाने आपली पाळी आली की घागर भरायची आणि बाजूला व्हायचं. ही पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून थोडी जास्त. आठ जणांची फेरी ४.६१५ मिलिसेकंदांत पुरी होते आणि पुन्हा पहिल्याची पाळी. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे २१७ फेऱ्या. म्हणजे आपण "हॅलो, पोचलास का?" असं सलग विचारत असलो, तरी कानाजवळचा फोन सेकंदाला २१७ वेळा पेटत आणि विझत असतो. पेटतो तेव्हा चांगला जोरात पेटतो. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका ठोक्याची ताकद दोन वॅटपर्यंत जाऊ शकते.

आता स्पीकरकडे या. ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला नव्वद कोटी कंपनं. ती कुठल्याच कानाला किंवा कर्ण्याला झेपणारी नाहीत. पण या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा आठ सेंटिमीटर, आणि आठ सेंटिमीटरची वायर कुठल्या स्पीकरच्या पोटात नसते? ती वायर नकळत अँटेना होते. लहर तिथून आतल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचते. ट्रान्झिस्टरमधला सांधा एका बाजूने वाट देतो आणि दुसऱ्या बाजूने अडवतो. रहाटाच्या चाकाला कुत्रं लावल्यासारखं. मग नव्वद कोटी हेलकावे पुसले जातात आणि उरतो तो त्यांचा नुसता बाह्याकार, पेटला-विझला, पेटला-विझला. सेकंदाला २१७ ठोके. ते मात्र कानाच्या अगदी हमरस्त्यावर आहेत. अ‍ॅम्प्लिफायर ते इमानदारीने मोठे करतो आणि कर्ण्यातून बाहेर सोडतो.

म्हणजे स्पीकर बिघडलेला नसतो. त्या घटकेपुरता तो रेडिओ झालेला असतो.

एकदा मी तो घर्रर्र आमच्या पेटीवर शोधला. ४४० कंपनांना जुळवलेल्या पेटीत खालच्या सप्तकातली पांढरी सहा २२० कंपनांवर बोलते. फोनचे ठोके २१७. म्हणजे पांढरी सहापेक्षा केसभर उतरलेला षड्ज. दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला तीनएक आंदोलनं ऐकू येतात. तानपुरा जुळवताना तार जरा उतरलेली असली की जशी लाट येते, तशी. आणि हा आवाज इतका टोकदार का, याचं उत्तरही तानपुऱ्याजवळच आहे. फोनचा ठोका अरुंद, एकाएकी चढणारा आणि एकाएकी पडणारा. अशा ठोक्यात मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या स्वरांची रांगच्या रांग असते. जवारी काढलेल्या तारेतही तेच असतं. फरक इतकाच, की तिथे कारागिराचा हात ती रांग घासून-पुसून गोड करतो. इथे ती कच्चीच अंगावर येते.

पण माझं खरं प्रेम त्या सुरुवातीच्या टिटि-टिटवर आहे. टॉवर आधी फोनला पुकारतो. फोनला फक्त ऐकायचं असतं, त्यामुळे स्पीकर तोवर गप्प. मग फोन "हजर" म्हणून एक छोटा ठोका देतो. त्यानंतर दोघांची ओळखपाळख, खातरजमा, हे सगळं एका वेगळ्या वाटेने चालतं आणि तिथे फोनला सलग पाळी मिळत नाही. चार ठोके, थांब, पुन्हा चार ठोके, थांब. हाच तो तुटक ठेका. ओळख पटून बोलण्याची वाट मोकळी झाली, की ठोके सलग होतात आणि घर्रर्र सुरू होतं. रिंग या सगळ्या बोलाचालीनंतरची. आईला आधी कळायचं ते यामुळे. नुसता एसएमएस आला तर तुटक ठेका वाजून प्रकरण तिथेच संपायचं, त्यामुळे फोन न उचलता ओळखता यायचं. काही वेळा मात्र कोणीच आठवण काढलेली नसताना मध्यरात्री स्पीकर टिटिटायचा. तेव्हा फोन टॉवरला "मी अजून इथेच आहे" असं कळवत असतो. ही हजेरी किती वेळाने द्यायची ते नेटवर्क ठरवतं.

पुढे पुढे मला आवाजावरून आणखी बरंच कळू लागलं. टॉवर लांब असला की फोन ताकद वाढवतो, म्हणून आंबोली घाटात गाडीतल्या टेपवर जो गुरगुराट व्हायचा, तो सांगलीत व्हायचा नाही. आणि बोलणारा थांबून समोरच्याचं ऐकू लागला, की आवाज विरळ होऊ शकतो, कारण बोलणं नसेल तेव्हा फोनने ठोके गाळायचे, म्हणजे बॅटरी वाचते, अशी सोय जीएसएममध्ये आहे. भिंतीपलीकडचा शब्दही कानावर न पडता त्या संभाषणात कोण जास्त बोलतंय हे स्पीकर सांगू शकतो. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

इतिहास थोडक्यात सांगतो. नको असलेले आवाज ऐकणं टेलिफोनइतकंच जुनं. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना जर्मनीच्या हाइनरिश बार्कहाउझेनना वरून खाली घसरत येणाऱ्या शिट्या ऐकू आल्या. दूर चमकलेल्या विजेची रेडिओलहर पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून प्रवास करून शिटी होऊन येते, हे स्टोरी नावाच्या संशोधकाने १९५३मध्ये उलगडलं. अमेरिकेत कार्ल जान्स्की टेलिफोन कंपनीसाठी खरखर शोधत होते. १९३३मध्ये त्यांनी जाहीर केलं, की एक खरखर आकाशगंगेच्या मध्याकडून येते. जीएसएम १९९१मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालं. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५चा, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला.

याहून मला मिरजेजवळच्या एका गावातला सप्ताह जास्त आठवतो. मोबाइल यायच्या कितीतरी आधीचा. संध्याकाळी कीर्तन सुरू व्हायचं होतं, माईक चालू होता, आणि कर्ण्यातून बारीक आवाजात कोणीतरी शेतकऱ्यांना बियाण्याबद्दल सांगू लागलं. आकाशवाणी! जवळपास रेडिओ नव्हता. माईकवाल्याने शांतपणे वायरची पिन उपसली, धोतराला खसाखसा पुसली आणि परत खोचली. आवाज बंद. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पिन काळी पडली की मशीन रेडिओ व्हतंय बगा."

त्या माणसाने एका वाक्यात सांगितलेलं शास्त्र जगदीशचंद्र बोस यांच्या पेटंटमध्ये आहे. गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या खड्याला धातूचं टोक टेकवलं, की विद्युतलहर ओळखता येते, हे बोसांनी दाखवलं. त्यांनी १९०१मध्ये अर्ज केला आणि १९०४मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. खडा आणि टोक, किंवा पिन आणि तिच्यावरची काळी पुटं. एकाच बाजूने वाट देणारा सांधा कुठेही जमून येऊ शकतो. माईकची लांबलचक वायर अँटेना होण्यासाठी टपलेलीच असते.

घरातल्या बाकीच्या आवाजांनाही असेच उगम आहेत. म्युझिक सिस्टिममधली जाड घूं ही घरातल्या ५० कंपनांच्या विजेची. दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलं, की ती अनेकदा येते. रेडिओवर एलईडी दिव्याने होणारी खरखर दिव्याच्या बुडातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची. ते वीज भराभर तोडत-जोडत असतं आणि त्याचे पडसाद मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतात. जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर उघडून पाहा, काचेच्या छोट्या दिव्याशेजारी एक इवलासा कपॅसिटर असतो. तो खरखर रेडिओपर्यंत जाऊ नये म्हणून बसवलेला. पैशा-पैशाचा हिशेब असलेल्या वस्तूत शेजाऱ्याच्या रेडिओची काळजी घेतलेली होती. आजच्या स्वस्त दिव्यांत ती काळजी कित्येकदा दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हा नुसता हौसेचा विषय नाही. माझ्या आजीला श्रवणयंत्र लागलं तेव्हा ती मोबाइल कानाजवळ न्यायलाच तयार नसायची. "भुंगा शिरतो रे कानात," म्हणायची. आम्हाला वाटायचं, वयाचं काहीतरी. ऐकायच्या यंत्राच्या इवल्या अ‍ॅम्प्लिफायरला शेजारचा दोन वॅटचा ठोका किती भयंकर वाटत असेल, हे मला कळलं तेव्हा ती राहिली नव्हती. श्रवणयंत्राशी जुळवून घेणारे फोन बनवण्याचा नियम अमेरिकेत २००३मध्ये झाला. आजीची तक्रार शब्दशः खरी होती.

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला गेलो. नारायणगावच्या पूर्वेला, जिथे गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मधल्या एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या तीन बाजूंना पसरलेल्या; सगळा पसारा सुमारे पंचवीस किलोमीटरचा. डोंगरांची आडोसा देणारी रांग आणि शहरांच्या गोंगाटापासूनचं अंतर, हे ही जागा निवडण्यामागचं एक मोठं कारण. थाळीकडे जाताना फोन बंद करायला सांगितलं. माझ्यासोबतच्या पुतण्याने विचारलं, "काका, एका फोनने एवढ्या मोठ्या दुर्बिणीचं काय बिघडणार?"

मी वहीच्या मागच्या पानावर त्याला हिशेब करून दाखवला. दोन वॅटचा ठोका, दोनशे किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरलेला. हा फोन चंद्रावर नेऊन ठेवू. पृथ्वीवर पोचणारी त्याची तीव्रता ठोक्याच्या क्षणी पाचशे जान्स्कींच्या आसपास येते. हे एकक त्याच खरखर शोधणाऱ्या जान्स्कींच्या नावाचं. खोडदच्या थाळ्या ज्या दीर्घिका न्याहाळतात, त्यांतल्या असंख्य एक मिलिजान्स्कीच्याही खाली आहेत. म्हणजे चंद्रावरचा माझा बटणांचा फोन त्यांच्यापेक्षा पाच लाख पटींनी तेजस्वी! आणि तो चंद्रावर नव्हे, थाळीखाली खिशात. पुतण्याने काही न बोलता आपला फोन काढला, खरंच बंद आहे ना ते पुन्हा पाहिलं आणि परत ठेवला.

थ्रीजीपासून हा आवाज मावळू लागला. तिथे फोन पाळीपाळीने नव्हे, सलग बोलतो. फोरजीमध्ये ताकदच कमी, दोन वॅटच्या जागी सहसा पाव वॅटच्या आत. पुतण्याच्या पिढीने तो आवाज ऐकलेलाच नाही. पण आपल्याकडे बटणांच्या फोनसाठी टूजी अजून चालू आहे, आणि माझा जुना फोन मी सांभाळला आहे.

परतताना नारायणगाव ओलांडल्यावर मी गाडी एका मसाला दुधाच्या टपरीपाशी थांबवली. जुना फोन गाडीच्या टेपसमोर ठेवला, टेपचा आवाज पूर्ण मोठा केला आणि बटण दाबून फोन चालू केला. थोडा वेळ नुसती सळसळ. मग, टिटि-टिट, टिटि-टिट.

"हे काय?" पुतण्या पुढे वाकला.

"टॉवरला सांगतोय," मी म्हटलं, "की आलो परत."

"पुन्हा कर ना, काका."

मी फोन बंद करून पुन्हा चालू केला.