गेमला स्टार किती ते नंतर बघा, स्टार देणारा कोण ते आधी बघा

तालुका प्रतिनिधी :

नवीन गेम आला की त्याची खबर दोन दिवसांत शाळेच्या पटांगणापासून एसटी स्टँडपर्यंत पोचते. घरात पोरगं म्हणतं, "बाबा, साडेचार स्टार आहेत, सगळे चांगलाच म्हणतात." आपणही स्टार बघतो आणि हो म्हणतो. मग एका रात्रीत दिवसभराचा डेटा संपतो, मोबाईल तव्यासारखा तापतो, आणि महिन्याभराने खात्यातून छोट्या छोट्या रकमा कधी कापल्या गेल्या ते पासबुक भरल्यावर कळतं.

यात गेमचा दोष किती, हा वेगळा विषय. आज बोलायचं ते त्या मतांबद्दल. गेम चांगला की वाईट हे सांगणारे लोक कोण असतात आणि त्यांचं किती ऐकायचं? बियाणं घेताना आपण दुकानदाराचं ऐकतो, पण शेजारच्या बांधावरही विचारून येतो. गेमच्या बाबतीत मात्र आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

मत देणारे तीन प्रकारचे

पहिले समीक्षक. वर्तमानपत्र, मासिक किंवा वेबसाइटसाठी गेम खेळून त्यावर लिहिणं हे त्यांचं काम. जगभरातल्या अशा समीक्षकांचे गुण गोळा करून मेटाक्रिटिक नावाची वेबसाइट शंभरपैकी एक सरासरी आकडा काढते.

दुसरे आपल्यासारखे खेळणारे. प्ले स्टोअरवर एक ते पाच स्टार देतात ते हे लोक. संगणकावरच्या गेमचं मोठं दुकान म्हणजे स्टीम. तिथं स्टार नसतात, फक्त पसंत की नापसंत एवढंच असतं. पण मत देणाऱ्याने तो गेम किती तास खेळला हे तिथं मतासोबतच दिसतं. ही सोय फार चांगली आहे, कारण दहा मिनिटं खेळलेला आणि शंभर तास खेळलेला, दोघांच्या मताला सारखं वजन देता येत नाही.

तिसरे यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवाले. आपली पोरं सगळ्यात जास्त ऐकतात ती यांचं. यातले काही प्रामाणिक असतात, काहींना कंपनीने पैसे दिलेले असतात.

तिघांचंही मत कामाचं ठरू शकतं. फक्त ऐकताना चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : कोणत्या यंत्रावर खेळला?

सायबरपंक २०७७ हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा गेम. १० डिसेंबर २०२० ला बाजारात आला. त्याआधीच समीक्षकांची मतं छापून आली होती आणि मेटाक्रिटिकवर आकडा ९० च्या आसपास होता. जगभर लोकांनी आगाऊ पैसे भरून ठेवले होते.

गेम हातात आल्यावर प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही जुनी यंत्रं असलेल्यांचे हाल झाले. गेम अडकायचा, चित्रं पुसट दिसायची, मध्येच बंद पडायचा. मग समीक्षकांनी एवढे गुण कसे दिले? कारण कंपनीने बाजारात येण्याआधी त्यांना फक्त संगणकावरचा गेम तपासायला दिला होता. जुन्या यंत्रावर तो कसा चालतो हे त्यांना बघायलाच मिळालं नव्हतं. नंतर प्लेस्टेशन ४ वरचा मेटाक्रिटिकचा आकडा ६० च्याही खाली गेला. सोनीने डिसेंबरातच हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, लोकांना पैसे परत करावे लागले. दुरुस्त्या होऊन तो जून २०२१ मध्ये परत विक्रीला आला.

शेतकऱ्याला हे लगेच समजेल. कंपनी आपल्याला डेमो प्लॉट दाखवते. तिथं काळी कसदार जमीन, ठिबक आणि वेळेवर खत. आपल्या मुरमाड रानात तेच बियाणं तसंच येईल असं नाही. डेमो प्लॉट खोटा नसतो, पण तो आपला नसतो.

मोबाईलचंही तसंच. यूट्यूबवर गेम दाखवणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा साठ-सत्तर हजारांचा फोन असतो. आपल्या घरात दहा-बारा हजारांचा, त्यातली निम्मी जागा व्हॉट्सअॅपच्या फोटोंनी भरलेली. त्यामुळे मत वाचताना आपल्यासारखा फोन असलेला माणूस काय म्हणतो ते शोधा. "चार जीबी रॅमवर अडकतो" असं एक वाक्य सापडलं तर ते शंभर स्टारांपेक्षा उपयोगी.

दुसरा प्रश्न : सांगणारा आपल्यासारखा आहे का?

ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या अगदी छोट्या मंडळींनी केलेला हॉलो नाइट सिल्कसाँग हा गेम ४ सप्टेंबर २०२५ ला आला. लोक कित्येक वर्षं वाट बघत होते. पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली की स्टीमसकट ऑनलाइन दुकानं काही काळ नीट चालेनात. इंग्रजीत खेळणाऱ्यांनी भरभरून कौतुक केलं.

पण त्याच दिवसांत चिनी भाषेत खेळणाऱ्यांची निम्म्याहून जास्त मतं नापसंतीची होती. गेम तोच होता, पण त्याचं चिनी भाषांतर बोजड झालं होतं. वाक्यं जुन्या पोथीसारखी, वाचून गोष्ट कळेना. शेवटी भाषांतर सुधारू असं गेमवाल्यांनी जाहीर केलं.

म्हणजे एकच गेम एकाच आठवड्यात एका भाषेत उत्तम आणि दुसऱ्या भाषेत वैतागवाणा ठरू शकतो. त्याच्या थोडंच आधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, स्टीमने भाषेप्रमाणे वेगवेगळा आकडा दाखवायची सोय सुरू केली होती. प्ले स्टोअरवरही आता आपल्याला आपल्या देशातल्या लोकांनी दिलेले स्टार दिसतात. तरी देश एक असला म्हणून परिस्थिती एक होत नाही. बेंगळुरूच्या वायफायवर खेळणारा आणि आपल्या वस्तीवर छपरावर चढून रेंज पकडणारा, दोघेही भारतीयच. गेममधल्या सूचना मराठीत आहेत का, निदान हिंदीत तरी आहेत का, रेंज गेल्यावर काय होतं, हे आपल्यासारख्यालाच विचारलं पाहिजे.

तिसरा प्रश्न : मत अनुभवाचं आहे की रागाचं?

फौजी हा गेम आठवत असेल. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली आणि दोनच दिवसांत बेंगळुरूच्या एनकोअर गेम्सच्या या गेमची घोषणा झाली. अभिनेता अक्षय कुमारने तो जाहीर केला. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला. डाउनलोड करायला लोक तुटून पडले, सुरुवातीला स्टारही चांगले होते. पण काही दिवसांतच आकडा तीनच्या आसपास घसरला.

कारण सरळ होतं. लोकांना पबजीसारखा, मित्रांची टोळी करून खेळायचा गेम हवा होता. हातात आला तो गलवान खोऱ्यातल्या लढाईची गोष्ट सांगणारा, एकट्याने खेळायचा गेम. सुरुवातीला त्यात बंदुकाही नव्हत्या, हातघाईची मारामारीच होती. आधीचे बरेच स्टार देशप्रेमाचे होते, नंतरचे अपेक्षाभंगाचे. गेम नेमका कसा आहे हे दोन्हींतून थोडंच कळत होतं.

कधी कधी लोक ठरवून एकगठ्ठा वाईट मतं देतात. मे २०२० मध्ये यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांच्या भांडणात टिकटॉक अॅपला आपल्याकडच्या लोकांनी असा एकेक स्टार दिला की आकडा दीडच्याही खाली आला. मग गूगलने त्यातली लाखो मतं काढून टाकली आणि आकडा परत चढला. अॅप आधी होतं तेच राहिलं, आकडा मात्र वरखाली झाला.

एकगठ्ठा राग दरवेळी फुकट जातो असंही नाही. हेलडायव्हर्स २ हा स्वीडनमधल्या अॅरोहेड कंपनीचा गेम, फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि लोकांना फार आवडला. मे महिन्यात सोनीने सांगितलं की संगणकावर खेळणाऱ्यांनाही आता प्लेस्टेशनचं खातं जोडावं लागेल. अनेक देशांत असं खातं उघडायची सोयच नव्हती, म्हणजे पैसे भरूनही गेम बंद पडणार होता. दोन-तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून जास्त नापसंती आल्या आणि सोनीने निर्णय मागे घेतला. ग्राहकांनी एकत्र येऊन मोठ्या कंपनीला वाकवलं.

तेव्हा आकडा एकदम पडलेला किंवा एकदम चढलेला दिसला तर दोन-चार मतं उघडून कारण वाचा.

चौथा प्रश्न : पैसे कोणाचे?

हा सगळ्यात महत्त्वाचा. "गेम जबरदस्त आहे, लिंक खाली दिली आहे," असं म्हणणाऱ्याला बऱ्याचदा त्या लिंकमागे पैसे मिळतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये नियम स्पष्ट केले. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट काही घेऊन कोणी प्रचार करत असेल तर ती जाहिरात आहे हे ठळक आणि सोप्या भाषेत सांगायला हवं. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम आहे, पण कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून मोकळे होणारेही आहेत. व्हिडिओ थांबवून ते अक्षर शोधा.

पैसे लावून खेळायच्या गेमची गोष्ट आणखी गंभीर. रमी असो, क्रिकेटची टीम असो की रंग ओळखायचा खेळ, "मी इतके जिंकलो" असं सांगणारा व्हिडिओ ही जाहिरातच समजा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर त्यात बंदी आहे, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण गेलेला पैसा कायदा आणून देत नाही.

आणखी एक सापळा आहे. बाजारात न आलेल्या गेमचीही स्तुती सुरू असते. जीटीए ६ हा गेम कंपनीने प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या यंत्रांसाठी जाहीर केला आहे, मोबाईलसाठी नाही. तरी "जीटीए ६ मोबाईलवर, इथून डाउनलोड करा" असे व्हिडिओ फिरतात. अशा लिंकवरून आलेल्या फाइलने फोनमधले ओटीपी दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात. प्ले स्टोअरबाहेरची एपीके फाइल टाकूच नका. खात्यातून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

चांगलं मत कसं ओळखायचं?

एक उदाहरण आपल्या पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या कंपनीने राजी हा गेम २०२० मध्ये आणला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली राजी नावाची मुलगी आणि तिला बळ देणारी दुर्गादेवी, अशी गोष्ट. जगभरच्या समीक्षकांनी त्यातले वाडे, चित्रं आणि संगीत यांचं कौतुक केलं. द गेम अवॉर्ड्स या मोठ्या पुरस्कारात नवोदितांच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. त्याच समीक्षकांनी हेही लिहिलं की मारामारीचा भाग कच्चा वाटतो, गेम लवकर संपतो आणि शेवट अर्धवट राहतो.

याला म्हणायचं मत. काय चांगलं, काय कमी आणि का, हे तिन्ही सांगितलेलं. बैलबाजारातला जाणकार "बैल एक नंबर" म्हणून थांबत नाही. दात, खूर, चाल बघून "कामाला चांगला, पण मारका आहे" एवढं सांगतो. नुसतं "बेस्ट गेम, मस्ट डाउनलोड" किंवा नुसतं "एकदम भंगार", दोन्ही सोडून द्या.

इन्स्टॉल करण्याआधी पाच मिनिटं

- प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली जाहिराती आणि अॅपमधील खरेदी यांचा उल्लेख आहे का बघा. "फुकट" गेमची कमाई तिथूनच होते.
- वयाचा आकडा बघा. १६ किंवा १८ लिहिलं असेल तर सहावीतल्या पोराला तो गेम नको.
- मतं सगळ्यात नवीन आधी अशी लावून वाचा. दोन वर्षांपूर्वीचं कौतुक आज कामाचं नाही.
- दोन, तीन आणि चार स्टारवाली मतं आधी वाचा. खरी माहिती बहुतेक तिथंच असते.
- प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा. यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका.
- चुकून खरेदी झाली तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागा. उशीर झाला की काम अवघड होतं.

शेवटचं काम तुमचं. आपल्या भागातला कोणी मत लिहीतच नाही, म्हणून आपल्याला शहरातल्यांच्या मतावर चालावं लागतं. गेम आठ दिवस खेळून झाला की घरातल्या पोरालाच लिहायला लावा, मराठीत लिहिलं तरी चालतं. फोन कोणता, रॅम किती, रेंज कमी असताना चालतो का, किती जाहिराती येतात, पैसे कुठे मागतो. चार ओळी पुरे. पुढच्या गावातला बाप गेम टाकायचा की नाही ते त्या चार ओळी वाचून ठरवू शकेल.