गवयाची बिनपगारी रजा

नोकरदार माणसाच्या आयुष्यात रजेला केवढे महत्त्व आहे, हे शिक्षकांना आणि कारकुनांना सांगण्याची आवश्यकता नाही. किरकोळ रजा, अर्जित रजा, अर्धपगारी रजा अशी तिची अनेक रूपे आहेत. क्षयासारख्या दीर्घ आजारासाठी सरकारी नियमांत वेगळी तरतूदही आहे. माणूस काही काळ कामावर नसला तरी त्याचे घर चालले पाहिजे आणि तो परतल्यावर त्याची जागा त्याला मिळाली पाहिजे, हे तत्त्व या साऱ्या नियमांच्या मुळाशी आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांपर्यंत ते अद्याप पोहोचलेले नाही, हे खरे. परंतु ज्याचे हजेरीपत्रकच कोठे नाही, अशा स्वतंत्र कलावंताचे काय? गायला तर बिदागी, गप्प बसला तर काहीच नाही, असा त्याचा व्यवहार असतो. त्याच्या वाट्याला येणारी रजा नेहमीच बिनपगारी असते.

या रजेचा विचार करताना कुमार गंधर्वांचे उदाहरण डोळ्यांपुढे येणे अपरिहार्य आहे. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेल्या शिवपुत्र कोमकली या मुलाने बालवयातच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन मैफली थक्क केल्या. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्याचे रीतसर शिक्षण झाले. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या आरंभी हे दांपत्य माळव्यातील देवास या गावी जाऊन राहिले. गाणे बंद झाले. ज्याचे नाव देशभर झाले होते, असा चोवीस वर्षांचा गायक अंथरुणास खिळला, आणि ही अवस्था सुमारे पाच वर्षे टिकली.

त्या काळी क्षयाचे निदान म्हणजे काय होते, याची आजच्या विद्यार्थ्यांना कल्पना येणे कठीण आहे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला; परंतु औषध शोधले जाणे आणि ते रुग्णाच्या उशाशी येणे यांत अंतर असते. खुद्द ब्रिटनलासुद्धा डॉलरच्या टंचाईमुळे ते पुरेसे विकत घेता आले नाही. तेथे १०७ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९४८ सालीच प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले; केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. त्या वर्षी देवासच्या खाटेवर पडलेला हा तरुण दुसऱ्या गटातला होता. पुढे हे औषध त्याला मिळाले आणि तो वाचला; मात्र एका फुफ्फुसाची जी हानी व्हायची ती होऊन गेली होती.

मधल्या काळात घर कोणी चालविले? भानुमतीबाई स्वतः गायिका होत्या. त्यांनी शुश्रूषा केली आणि शिक्षिकेची नोकरी करून संसारही सांभाळला. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, गवयाच्या बिनपगारी रजेचा पगार एका शिक्षिकेने भरला. कुमारांच्या पुनरागमनाची चर्चा करताना आपण प्रतिभेविषयी पुष्कळ बोलतो, या जमाखर्चाविषयी मात्र बोलत नाही. १९६१ साली दुसऱ्या अपत्याच्या जन्मावेळी भानुमतीबाईंचे निधन झाले. पतीचे यश त्यांना जेमतेम आठ वर्षे पाहता आले.

१९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले, ते जुने गाणे घेऊन नव्हे. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्यातील बायकांची लग्नातली, सणावारांची, पावसाळ्याची गाणी पडत होती. दारावर येणारे नाथपंथी जोगी निर्गुणी भजने म्हणत होते. हे सारे पूर्वीही कोणाच्या ना कोणाच्या कानांवर पडतच होते. कुमारांनी ते ऐकले, टिपून घेतले आणि त्यावर विचार केला. चारपाच स्वरांच्या साध्या धुनेत रागाचे बीज असते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्या बीजांतून मालवती, संजारी, लगनगांधार, सहेली तोडी यांसारखे ‘धुनउगम’ राग सिद्ध झाले. १९६५ साली मौज प्रकाशनाने काढलेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात या चिंतनाचे फळ बंदिशींच्या रूपाने वाचकांसमोर आले. कबीराची निर्गुणी भजने तर त्यांच्या गळ्यातून नवीनच अर्थ घेऊन आली.

गायकीही बदललेली होती. लांबलचक पल्लेदार तानांच्या जागी छोटे, नेमके, बाणासारखे स्वरसमूह आले आणि त्यांच्यामधली शांतता गाण्याचाच भाग झाली. एका फुफ्फुसाच्या माणसाला दुसरा उपाय नव्हता, असे काही जण म्हणत. अपुऱ्या श्वासाचा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. परंतु आजार पुष्कळांना होतो, त्यांतून प्रत्येकाची गायकी निर्माण होत नाही. घराण्याची चौकट न स्वीकारण्याची त्यांची वृत्ती मुंबईच्या दिवसांतच दिसू लागली होती. सक्तीच्या मौनाने तिला वेळ दिला, आणि कलावंताच्या बाबतीत वेळ हेच खरे भांडवल आहे.

बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की कारखान्यातील मालाप्रमाणे मैफलीची उत्पादकता वाढत नाही. चौघांनी वाजवायची रचना शंभर वर्षांनंतरही चौघांनाच, तेवढाच वेळ वाजवावी लागते. आपल्याकडे रागाच्या बढतीचेही तसेच आहे. त्यात एक भर घालावीशी वाटते. कलेच्या निर्मितीत न वाजवण्याचे, न गाण्याचेही दिवस असतात आणि त्यांचा खर्च कोठल्याच बिदागीत धरलेला नसतो. बाजाराच्या लेखी ती पाच वर्षे म्हणजे पाच कोरी पाने. प्रत्यक्षात पुढील चार दशकांचे भांडवल त्या पानांवर जमा झाले.

हे सारे दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी बसून लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की ज्या प्रकारचे धन कुमारांनी माळव्यात वेचले, ते आपल्याही भोवताली आहे. होळीला बंजारा तांड्यांवर लेंगी घुमते. पोहरादेवी येथून दूर नाही. गावोगावी भजनी मंडळे आहेत, खंजिरी आहे, पेटी वाजवणारे आहेत. आणि त्यांतले कितीतरी जण मध्येच गप्प होतात. कापसाचे वर्ष वाईट गेले, घरात दुखणे आले, की पेटी फडक्यात गुंडाळून फळीवर जाते आणि माणूस कामाच्या शोधात पुण्याकडे निघतो. त्याची रजा कधी संपतच नाही. मौनातून परतलेल्या एका कलावंताची कथा आपण कौतुकाने सांगतो. न परतलेल्यांची गणती कोणी ठेवत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे योग्य होणार नाही. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मासिक मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात आहे आणि २०२४ साली त्या मानधनात वाढही झाली. परंतु ती उतारवयाची सोय आहे. चोविसाव्या वर्षी आजारी पडलेल्या गायकाला तिचा उपयोग नाही. क्षयरुग्णाला औषधाबरोबर सकस आहार हवा, हे ओळखून केंद्र सरकारने २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला आणि २०२४ च्या अखेरीस ती रक्कम १,००० रुपये केली. औषध देऊन भागत नाही, मधल्या काळात माणूस जगलाही पाहिजे, हा त्यातला विचार कलेच्या क्षेत्रातही लागू करता येईल.

पण सारे सरकारवर सोपविण्याचे कारण नाही. गणेशोत्सव मंडळे, वाचनालये आणि महाविद्यालये यांनी आपल्या वार्षिक खर्चातील लहानसा भाग ध्वनिक्षेपकाच्या भिंतींऐवजी गावातल्या अडचणीत आलेल्या कलावंतासाठी राखून ठेवला, तर ती मोठी मदत होईल. मात्र ती देताना वर्षअखेर कार्यक्रमांची संख्या मागू नये. रजेवरील शिक्षकाला आपण शिकविलेल्या तासांचा हिशेब विचारत नाही.

दुसरे कर्तव्य श्रोत्यांचे आहे. दीर्घ काळानंतर परतलेल्या गायकाकडे आपण त्याच्या जुन्याच चीजांची फर्माईश करतो. १९५३ च्या श्रोत्यांनी बालपणीच्या नकलांचाच आग्रह धरला असता, आणि कुमारांनी तो मानला असता, तर मालवती आणि संजारी आपल्यापर्यंत पोहोचल्या नसत्या. कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२ रोजी निवर्तले. २०२४ साली त्यांची जन्मशताब्दी आपण सन्मानाने साजरी केली. यंदाच्या होळीत तांड्यावर एखादा बऱ्याच वर्षांनी परतलेला गळा काही वेगळे म्हणू लागला, तर त्याला अडवून जुने म्हणायला लावू नये. शेवटपर्यंत ऐकावे आणि निघताना त्याच्या घरची चौकशी करावी.